ळ

गणपती पेठेत, हळदीच्या वासात
माझं सव्वा खणाचं दुकान.
बाहेर हार, गजरे, सोमवारी बेल;
आत ओल्या गोणपाटाआड बादलीभर जरबेरा,
प्रत्येकाच्या देठाला कोल्ड्रिंकची नळी,
नाहीतर दुपारपर्यंत मान टाकतात.

फोन येतात. कधी बेळगावहून, कधी मस्कतहून.
"दीड हजारात काय बसेल?"
मी आधी विचारतो, वाढदिवस की दवाखाना?
दवाखान्यात निशिगंध देत नाही मी,
वास पेशंटच्या डोक्यात जातो.
आणि नुसती पांढरी कुणी मागितली
तरी दोन लाल खोचतोच,
ते बिलात धरत नाही.

श्रेणिक मगदूमचा फोन जमशेदपूरहून,
वर्षातून एकदा, चैत्रात.
"लिली घाला."
लिली पुण्याहून येते, म्हणजे येतेच असं नाही.
मग डिग्रजच्या मळ्यातला निशिगंध, चार शेवंत्या,
कडेनं मरवा. तसं सांगतो त्याला.
तो नाही म्हणत नाही.
खरं तर तोवर त्यानं फोन ठेवलेला असतो.
मजकूर तो बोलतो, कार्डावर मी लिहितो,
ओला हात लुंगीला पुसून:
*आई, या वेळी जमत नाही. सांभाळ.*
सात वर्षं तेच सहा शब्द.
टोपली टाकीवर ठेवून तौफिक विश्रामबागला निघतो,
खड्ड्यागणिक एक पाकळी सोडत.

यंदा आठवड्यानं बाई स्वतः आल्या.
टोपली परत द्यायची होती, म्हणाल्या.
टोपली कुणी परत देत नाही.
पिशवीतून सात कार्डं काढली, रबर लावलेली.

"फुलारी, हा ळ तुमचा ना?"

हातात सुई, अर्धा हार.

"तेहतीस वर्षं पहिलीचा वर्ग होता माझ्याकडं.
निम्म्या सांगलीचा ळ मी गिरवून घेतलाय.
घरच्याचाच तेवढा राहिला.
दोन्ही गोल सुटे काढायचा,
मधे तुटलेल्या चष्म्यासारखे."

चोरी पकडल्यासारखं झालं मला,
पण चोरलं काय, ते सापडेना.
"पहिल्या वर्षीच कळलं होतं," म्हणाल्या,
"पण फुलं ताजी होती."

मग म्हणाल्या, "मला पाठवायचीत. त्याला.
तिकडं कुणी ओळखीचं?"
ओळखीचं कोण असणार!
ह्याच्याकडून त्याचा नंबर, त्याच्याकडून आणि कुणाचा,
तीन दिवसांनी लागला साकची बाजारातला हरिपद.
मला त्याचं निम्मं कळेना, त्याला माझं.
फुलाला तोही फूल म्हणतो, तेवढ्यावर भागलं.

बाईंनी कागदावर लिहून दिलं,
रेघ न आखता सरळ:
*वेळेवर जेव.*
मी फोटो पाठवला.
हरिपदचा उलट फोन:
"बाकी सगळं वाचता येतंय, भाई. हे एक अक्षर कुठलं?
आमच्या हिंदीत नाही हे."
मी म्हटलं, चित्र समज. बघून काढ.

संध्याकाळी बाई स्टुलावर बसलेल्या,
मी उरलेले गजरे ओल्या फडक्यात गुंडाळतोय,
तेव्हा फोटो आला.
रजनीगंधा म्हणतात तिकडं, तीच आपली गुलछडी,
लाल कागदात, नको तेवढी चमकी मारलेली.
पुढं कार्ड.
ळचे दोन्ही गोल सुटे. मधे फट.

बाईंनी मोबाईल जवळ नेला, लांब धरला,
चष्मा काढून पुन्हा जवळ नेला.
"मान मोडायला हवी होती कार्ट्याची," म्हणाल्या,
हसत होत्या की काय, दिव्याखाली नीट दिसलं नाही.

पैसे मी घेत नव्हतो.
काट्यावर ठेवून गेल्या, सुट्ट्यासकट.

पुढच्या चैत्रात फोन येईल.
सांभाळ लिहायला घेईन
आणि शेवटच्या अक्षराशी माझा हात अडेल,
कुणाचा काढायचा म्हणून.